रांगेत नसलेली किटली

४ सप्टेंबर
पुण्याची कंपनी बंद पडून आज पाच महिने झाले. अकरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर चाळीस जणांना घरी पाठवलं, तेही सगळ्यांचे माइक आधीच बंद करून. विचारायला तोंडच ठेवलं नाही. तेव्हापासून कोल्हापूरजवळ उचगावात, आईबाबांकडे. अर्ज किती केले ते मोजणं गणपतीच्या आधीच सोडलंय.

आज बंगलोरच्या एका कंपनीची जाहिरात. दूध संस्थांसाठी अॅप बनवतात. नुकतंच मोठं फंडिंग मिळालंय म्हणे. डिझायनर हवी, घरून काम. खाली ओळ: ‘ग्रामीण भारत आतून समजणारी व्यक्ती हवी.’ मी ग्रामीण भारतात आतल्या खोलीत बसूनच ते वाचत होते आणि बाहेर आई म्हशीला शिव्या देत होती.

आईला सांगितलं. म्हणाली, “बंगलोरच्यास्नी आमच्या दुधाचं काय पडलंय?”
अर्ज केला.

६ सप्टेंबर
एच.आर.चा फोन. रिया नाव. गोड आवाज, पाठ केलेले प्रश्न. कोल्हापूर म्हणजे गोव्याजवळ ना? तिकडे नेट चालतं ना? मधे पाच महिने रिकामे कसे? म्हटलं, कंपनी बंद पडली. तर म्हणे, “हो, पण त्या काळात तू स्वतःवर काय काम केलंस?”

स्वतःवर. शेण काढलं, बाई. रोज. हे म्हणाले नाही. एक कोर्स केला म्हणून सांगितलं. राग त्याचा आला, की खोटं बोलताना जीभ जराही अडखळली नाही.

८ सप्टेंबर
असाइनमेंट आली. सात दिवस. दूध संकलन केंद्राचा अभ्यास करा, किमान दहा ‘युजर’शी बोला, सकाळची रांग कशी कमी होईल ते दाखवा, स्क्रीन काढून द्या. सोबत एक फॉर्म, खाली बारीक अक्षर, टिक केल्याशिवाय पुढं जात नाही. केली टिक.

दुपारी कोल्हापुरात, शाहूपुरीत शबानाकडे. कॉलेजपासूनची मैत्रीण, कोडिंग करते, तीही माझ्यासारखीच शोधात. तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान आहे, वरच्या माळ्यावर आम्ही लॅपटॉप घेऊन बसतो. तिनं असाइनमेंट वाचली आणि खाली मशिनवर बसलेल्या अब्बांकडं बोट केलं. “यास्नी कुणी म्हटलं काय, आधी फुकट एक सूट शिवून दावा, बसला तर पुढचं बघू? कात्री घेऊन मागं लागतील.”

बरोबर आहे. पण तिनंही या वर्षी असे चार सूट शिवून दिलेत.

१० सप्टेंबर
सकाळी सहाला आमच्या दूध संस्थेत. आईबरोबर लहानपणापासून शंभरदा गेले असेन, आज पहिल्यांदा ‘बघायला’ गेले.

रांग माणसांची नसतेच. किटल्यांची असते. बाई येते, भिंतीकडेनं आपली किटली ठेवते आणि जाते. कुणी पोराचा डबा भरायला, कुणी पाणी सुटलंय म्हणून. नंबर किटलीचा. कुणाची किटली कुठली हे सगळ्यांना माहीत. कुणी कडीला चिंधी बांधलीय, कुणी नेलपॉलिशनं नाव काढलंय. आमच्या किटलीला पोटात पोचा आणि कडीला आईच्या जुन्या ब्लाउजची हिरवी पट्टी. आणि कुणाच्या घरी अडचण असेल, बाळंतीण असेल, म्हातारं आजारी असेल, तर तिची किटली पुढच्या बायका न बोलता उचलून पुढं ठेवतात. कुणी कुणाला विचारत नाही. हे मी आयुष्यभर बघितलं होतं आणि दिसलं आज.

फोटो काढले. संस्थेचे सेक्रेटरी आण्णा काट्यामागनं म्हणाले, “फोटू कशाला गं? कंपनी येणार हाय व्हय गावात?”
म्हटलं, येईल कदाचित.
“ईल तर चांगलंच की.”

१२ सप्टेंबर
दहा जणी झाल्या. रांगेतच गाठून बोलले, सगळ्या भरभरून बोलल्या. खातं नवऱ्याच्या नावावर, फोन नवऱ्याच्या खिशात, नवरा एमआयडीसीत पहिल्या पाळीला. दूध घालणार बाई. म्हणजे या कंपनीचं आत्ताचं अॅप, ज्यात दर वेळी फोनवर ओटीपी येतो, ते इथं एक दिवस चालणार नाही. बंगलोरात एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

माझा उपाय: ओटीपी काढा, रांग मोडू नका. किटलीला कोडचा स्टिकर लावा. किटली मशिनसमोर आली की हिरवा दिवा. बाईला फोन लागत नाही, थांबावं लागत नाही. खूश आहे. बऱ्याच दिवसांनी डोकं चाललं.

१४ सप्टेंबर
असाइनमेंट पाठवली. बावीस पानं. पहिल्या पानावर किटल्यांच्या रांगेचा फोटो, मधोमध आमची हिरव्या पट्टीची.

सुरुवात कुठून करायची यावर एक पान लिहिलंय: संस्थेची यादी जुनी आहे, मेलेल्यांचीही नावं आहेत, म्हणून आधी ती साफ करा, गेल्या पंचेचाळीस दिवसांत दूध घातलेले ‘अॅक्टिव्ह’ सभासद तेवढेच घ्या. या लोकांना अॅक्टिव्ह हा शब्द फार आवडतो. मुद्दाम घातला.

लिहीत होते तेव्हा शेजारची आक्काताई आईबरोबर शेंगा फोडत बसलेली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, एक म्हैस, तिच्यावर घर.
“काय लिहालीस एवढं?”
“आपल्या संस्थेच्या रांगेचं.”
“मी हाय काय त्यात?”
आई म्हणाली, “तुझी म्हैस आटलीया, तू कुठं येतीस रांगंला?”
तिघी हसलो.

२२ सप्टेंबर
फाउंडर राउंड, म्हणजे कंपनी काढणाऱ्यानं स्वतः घेतलेली मुलाखत. त्याला यापुढं फा. म्हणेन. तिशीचा असेल, टोपीचा स्वेटशर्ट, मागं भिंतीवर इंग्रजीत ‘शेतकरी प्रथम’. म्हणाला, मी बघितलेल्या असाइनमेंटमध्ये ही सगळ्यात चांगली. पाऊण तास बोलायचं होतं, पावणेदोन तास बोलला. म्हणजे विचारत होता, मी बोलत होते. स्टिकर धुण्यात जाईल का? म्हटलं, पोटाला लावू नका, तिथं राखेनं घासतात, काठाखाली लावा, तिथं हात पोचत नाही. दिवसातनं किती वेळा धुतात? गाईचं, म्हशीचं वेगळं कसं ओळखतात? सगळं लिहून घेतलं.

आमच्याकडं बायकाही ‘आलो, गेलो’ असंच बोलतात. पुण्यात पहिल्या महिन्यात यावरून ऑफिसभर हसले होते, तेव्हापासून मी बाहेर जपून बोलते. आज उत्साहात दोनदा तसं गेलं. फा.चं मराठी मोडकं, त्याला काय कळतंय म्हणा.

आईनं संध्याकाळी गोड केलं. म्हटलं अजून झालं नाही. म्हणाली, “पावनेदोन तास कोण उगंच बोलतंय?”

६ ऑक्टोबर
काही नाही. रियाला दोन मेल. ती ‘ऑफिसमध्ये नाही’.

१३ ऑक्टोबर
आलं उत्तर. ‘आपल्या प्रवासाबद्दल आम्हाला आदर आहे. सध्या आम्ही इतर उमेदवारांसह पुढे जात आहोत.’ ज्या पत्त्यावरून आलं त्याला उलट उत्तर देता येत नाही. नकार देतानाही दार बाहेरून बंद.

कारण विचारायचं होतं फक्त. भांडायचं नव्हतं. बाबांना सांगितलं तर ते टीव्हीचा आवाज कमी करून नुसते बसले माझ्याशेजारी. त्यानं जास्त रडू आलं.

८ नोव्हेंबर
आज संस्थेत दोन मुलं आली, कंपनीचे टी-शर्ट, खोक्यात मशिन. आई घरी येऊन सांगायला लागली तेव्हा मी भांडी घासत होते.
“किटलीला चिकटवायचं कागद दिल्यात गं. काठाखाली लावा म्हटली. घासताना जाणार न्हाय म्हणं. हुशार हाईत पोरं.”

हात तसेच साबणाचे घेऊन बाहेर आले. किटली बघितली. काठाखाली. बरोब्बर मी सांगितलं तिथं.

आईला कळायला एक क्षण लागला. मग तिनं किटली उलटी करून ठेवली, जणू तिचीच चूक.

१० नोव्हेंबर
शबानानं पाठवलं. फा.ची लांबलचक पोस्ट. ‘कोल्हापूरजवळच्या एका खेड्यात मी तीन पहाटे दूध केंद्रावर उभा राहिलो. तिथं मला कळलं, रांग माणसांची नसते, किटल्यांची असते.’ माझं वाक्य. आणि खाली फोटो. माझा. मधोमध हिरवी पट्टी, पोचा. माझ्या आईची किटली, तिच्या ब्लाउजची पट्टी, आणि हा म्हणतो मी उभा राहिलो. कुठल्या पहाटे? आण्णांना विचारलं मुद्दाम. “कोन? न्हाय गं. असा कोन आलता तर च्या पाजला नसता व्हय?”

हजारो लोकांनी टाळ्या वाजवल्यात. कुणीतरी लिहिलंय, याला म्हणतात मातीशी नातं.



१२ नोव्हेंबर
रियाला लिहिलं, या वेळी स्पष्ट. उत्तर तासाभरात. तेव्हा तीन आठवडे लागले होते. ‘फॉर्ममध्ये आपण मान्य केल्याप्रमाणे असाइनमेंटमधील कल्पना कंपनीच्या मालकीच्या आहेत.’ ती टिक. शेवटी हसरा चेहरा काढलाय. तो हसरा चेहरा मी विसरणार नाही.

शबाना म्हणते, सगळं उघड लिही, नाव घेऊन. लिहिलं आणि पुसलं. उद्या दुसऱ्या कंपनीची एच.आर. माझं नाव शोधेल आणि तिला आधी हेच दिसेल. गप्प बसवायला त्यांना काही करावंच लागत नाही, नोकरी शोधणारा माणूस स्वतःच गप्प बसतो. याची चीड त्या पोस्टपेक्षा जास्त येते.

२५ नोव्हेंबर
आक्काताईची म्हैस व्याली. रेडी झाली. आक्काताई गल्लीभर चीक वाटत फिरत होती, आमच्याकडं दोन वाट्या. आईनं खरवस केला. तीन महिन्यांनी तिच्या गोठ्यात दूध. चेहरा बघण्यासारखा होता.

शबानाचा इंटरव्ह्यू झाला. तिलाही असाइनमेंट.

५ डिसेंबर
चिकाचे दिवस सरले, आज आक्काताई किटली घेऊन संस्थेत गेली. मशिनवर हिरवा दिवा लागला नाही. तिच्या किटलीला स्टिकरच नाही. आण्णा म्हणाले, नवीन काढावा लागेल. नवीन काढायला खातेदाराच्या फोनवर ओटीपी जातो. खातेदार तिचा नवरा. तो फोन ट्रंकेत आहे, कार्ड कधीच बंद झालंय.

“मी सभासद हाय की, आण्णा. बावीस वर्सं.”
आण्णा म्हणाले, “मला ठावं हाय गं. मशिनला न्हाय.”

ती दूध घेऊन परत आली. आमच्या दारात किटली ठेवून खाली बसली.

मी विचारलं, तुला स्टिकर का नाही दिला त्या दिवशी? म्हणाली, यादीत नाव नव्हतं. पंचेचाळीस दिवसांत दूध घातलेल्यांनाच दिले.

पंचेचाळीस.

त्यांनी तेही जसंच्या तसं उचललं.

सप्टेंबरात मी फक्त रांगेतल्या बायकांना विचारलं. जिची म्हैस आटलीय ती रांगेत नसतेच. चार म्हशीवाल्यांचं दूध कधी पूर्ण थांबत नाही, एखादी आटते, दुसरी देते. एक म्हैसवालीचंच थांबतं. म्हणजे यादीतून नेमक्या त्याच गळल्या ज्यांना संस्थेची सगळ्यात जास्त गरज. हे उचगावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही इतकं ठाऊक होतं, की ते लिहायचंच सुचलं नाही. आणि ती समोर बसून शेंगा फोडत होती. मी हाय काय त्यात, असं विचारलं होतं तिनं. आम्ही हसलो होतो.

६ डिसेंबर
आईनं आक्काताईचं दूध आमच्या किटलीत ओतून घातलं. एवढं सोपं वाटलं तिला.

८ डिसेंबर
आमच्याही किटलीला लाल दिवा. ‘असामान्य वाढ, तपासणी होईपर्यंत बंद.’ आईला मशिननं चोर ठरवलं, सगळ्या रांगेसमोर. घरी येऊन तिनं किटली आपटली मात्र.

स्टिकर न मिळालेल्या अशा नऊ जणी गावात निघाल्या. आण्णांनी कंपनीला फोन केला तर तक्रारीचा नुसता तिकीट नंबर मिळाला.

मी आक्काताईला सांगितलं, ती अट मी लिहिली होती. सांगायचं टाळत होते तीन दिवस. “मग आता तूच काढ की ती,” म्हणाली. तिला वाटतं ते माझ्या हातात आहे.

९ डिसेंबर
रियाचा फोन. आवाज तोच गोड. बऱ्याच केंद्रांवर जुने सभासद परत येत नाहीयेत, कारण कळत नाही, फा.ला माझी आठवण झाली, वीस मिनिटं वेळ आहे का? मग तोच लाइनवर आला. कशी आहेस वगैरे. मग म्हणाला, “तुझ्या रिसर्चमध्ये काही राहून गेलं होतं का?”

चोरून नेलं ते नेलं, वर चोरीच्या मालात खोट निघाली म्हणून तक्रार माझ्याकडंच. म्हटलं, माझा रिसर्च? तो तर तुम्ही तीन पहाटे उभं राहून केलात ना? तो हसला. मग ‘संधी’ काढली. डिझायनर नाही. ‘फील्ड कम्युनिटी असोसिएट.’ तीन महिने बघू, मग पुढचं. काम काय, तर गावोगाव जाऊन बायकांना स्टिकर समजावणं. पण पहिल्यांदा ते वीस मिनिटं.

सगळ्यात वाईट म्हणजे, खरंच राहून गेलं होतं. नाही म्हणून फोन आपटायला मी मोकळी नाही. माझ्या हट्टापायी आक्काताईचं दूध रोज परत येणार. सांगितलं, दोन दिवस द्या.

१० डिसेंबर
हे मला न विचारता झालं.

सकाळी संस्थेत गेले तर भिंतीकडेनं किटल्यांची रांग, आणि एकाही किटलीला स्टिकर नाही. काल संध्याकाळी आईनं आमचा काढला, गरम खोबरेल तेल लावून, चमच्याच्या दांड्यानं. मग शेजारच्या दोघींनी. मग सगळ्या गल्लीनं. घासून न निघणारी जागा मीच शोधली होती, आईनं ती पाच मिनिटांत निकालात काढली.

आण्णा काट्यामागं उभे. आई म्हणाली, “आण्णा, वही काढा.”
“कमिटीनं सही केलीया गं. मार्चपतोर मशिन.”
“मग मशिनला सांगा, आमी सगळ्याच मेलाव.”

आण्णांनी कपाटातली जुनी वही काढली. आक्काताईची किटली शेवटी होती. पुढच्या बायकांनी ती उचलली आणि एकेक हात करत पुढं दिली, पार काट्यापर्यंत. मी फोन खिशातच ठेवला, फोटो काढला नाही.

११ डिसेंबर
दिवसभर रियाचे फोन. ‘तुमचं केंद्र सिस्टिममध्ये शून्य दाखवतंय.’ दुपारी कुरिअर आलं. माझ्या नावानं, पत्ता जुन्या अर्जातला. एक टी-शर्ट, स्टिकरची नवी गुंडाळी, ‘टीममध्ये स्वागत’ असं कार्ड. अजून हो म्हटलेलं नाही मी. माझा होकारही यांनी परस्पर धरून टाकला. टी-शर्ट मापाचा नाही.

शबाना म्हणते, एक शब्द फुकट सांगू नको. बाबा म्हणतात, नोकरी ती नोकरी, आत शिरून बघ. दोघांचंही पटतंय, तीच अडचण आहे.

संध्याकाळी एक पान लिहून काढलं. पंचेचाळीस दिवसांची अट काढा. यादी संस्थेच्या वहीतली धरा. आटलेली म्हैस म्हणजे गेलेला सभासद नव्हे. स्टिकर द्यायला आण्णांची सही पुरे, ओटीपी नको. खाली माझी अट: डिझायनर म्हणून घेणार असाल तर बोला, आणि ती पोस्ट दुरुस्त करा.

वाचलं तर दोन्ही एकाच पानावर शोभेनात. माझी नोकरी आणि आक्काताईचं दूध एका दोरीला बांधल्यासारखं झालं. दोन वेगळी पानं केली.

१२ डिसेंबर
सकाळी अकराला कॉल ठरलाय उद्या. घरातनं घेणार नाही, संस्थेच्या ओसरीवरनं घेणार, कॅमेरा चालू ठेवून. आईला सांगितलं. म्हणाली, “मी बी येतो बसायला.” आक्काताई म्हणाली, “मी बी. त्याला बघू दे कोन हाय ते.” पहाटे येणार आहेस काय म्हणून विचार त्याला, असं आण्णा म्हणाले, च्या पाजतो.

मीही ठरवलंय, बोलणं जसं येईल तसं येऊ दे. आलो, गेलो.

पहिलं पान, बायकांचं, कुठल्याही उत्तराची वाट न बघता द्यायचं, इतकं नक्की. दुसऱ्याचं माहीत नाही. पहिलं दिल्यावर दुसऱ्याला तो कशाला विचारेल, शबानाचा हा प्रश्न दिवसभर डोक्यात आहे.

पहिल्या पानाच्या वर या वेळी नावं घातली. सप्टेंबरात ‘दहा युजर’ लिहिलं होतं, आता दहाही जणींची नावं, आईसकट. सगळ्यात वर अकरावं, आक्काताईचं. माझं तळाला. टिक करायला चौकोन ठेवलेला नाही. पाठवायचं बटण उद्या अकराला, त्याच्या डोळ्यांदेखत.

आक्काताईला वाचून दाखवलं. तिनं स्वतःच्या नावावर बोट ठेवून बघितलं आणि विचारलं, “आनि तू का गं शेवटाला?”